ब्रेक ऑइल नुसतं वरून ओतू नका, लाइनमधली हवा काढा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात हेल्मेटबद्दल नेहमी येतं, ते यायलाच पाहिजे, पण ब्रेकबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. आता साध्या सव्वाशे सीसीच्या गाडीलाही पुढं डिस्क ब्रेक असतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली की इंजिन ऑइल बदलतात, चेन साफ करतात, धुऊन देतात आणि हँडलवरच्या डबीत ब्रेक ऑइल कमी दिसलं तर वरून थोडं ओततात, झालं. माझ्या भाच्याच्या गाडीचा लिव्हर पार मुठीला टेकत होता, दोन-तीनदा दाबला की मग कडक व्हायचा, आणि सर्व्हिसवाले म्हणाले डिस्कला असंच असतं. असं नसतं वो! पंप केल्यावर ब्रेक लागतो म्हणजे बहुतेक वेळा लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीत, हवा आहे. ऑइल दबत नाही म्हणून बोटांचा जोर थेट कॅलिपरच्या (चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) पिस्टनला जातो, हवा दबते, म्हणजे सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि समोर आडवी आलेली रिक्षा काही तुमच्या दुसऱ्या पंपापर्यंत थांबत नाही.

आणि लेव्हल कमी का झाली हे कुणी बघतच नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढं सरकतो आणि डबीतली लेव्हल आपोआप खाली जाते, म्हणजे आधी पॅड बघायचे, मग कुठं गळती आहे का ते बघायचं. तसंच वर ओतून भरलं तर पुढं नवीन पॅड टाकताना पिस्टन मागं ढकलला की तेच ऑइल उतू जातं आणि टाकीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्यानं धुवा.

दुसरं म्हणजे हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट नंबर म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. नवीन डॉट 3 चा उकळबिंदू निदान 205 डिग्री असतो, डॉट 4 चा 230, पण पाणी शोषल्यावर तोच 140 आणि 155 पर्यंत येऊ शकतो. उन्हाळ्यात डबलसीट, सामान घेऊन तुळजापूरचा घाट उतरताना सारखा ब्रेक धरला की कॅलिपर तापतो, जुनं ऑइल उकळलं की वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांत ऑइल बदला म्हणतात.

हवा काढायला फार वेळ लागत नाही. कॅलिपरच्या निप्पलला (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं, लिव्हर दाबून धरायचा, पान्यानं निप्पल किंचित सैल करायचा, ऑइल-बुडबुडे आले की निप्पल बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा, हा क्रम चुकला तर हवा उलटी आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं आणि डबी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. ऑइल झाकणावर लिहिलेल्या डॉट नंबरचंच आणि सीलबंद बाटलीतलं, त्याऐवजी इंजिन ऑइल अजिबात नको, रबरी सील फुगून ब्रेकच जाईल. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर मात्र कंपनीचं मशीन लागू शकतं, तिथं घरी हात घालू नका.

अशोक चौक असो की होटगी रोड, गाडी कुठंही टाका, पण ब्लीडिंग, म्हणजे हे हवा काढायचं काम, तुमच्या समोर करायला सांगा, नळीतून निघालेलं काळं ऑइल डोळ्यांनी बघा. आणि साहेब, नवरात्रात तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या निघायच्या आधी ब्रेक तपासणीची एक चौकट पहिल्या पानावर छापा एवढी विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर