कणगी फुटली आहे, पीक वाढलेलं नाही

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले वहिनींचे रिपोर्ट सावकाश वाचले. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, थायरॉइडचा माल जास्त झाला की ते दबतं) ०.०२, म्हणजे फारच कमी; फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) ३.१ (त्या लॅबची वरची मर्यादा १.७); आणि ईएसआर (शरीरातल्या दाहाची खूण) ८८, म्हणजे बराच चढलेला. महिन्याभरापूर्वी घरात सगळ्यांना सर्दी-तापाची साथ येऊन गेली. आता गळ्याच्या पुढच्या भागात उजवीकडे सुरू झालेली ठणक कानापर्यंत जाते आहे आणि चार दिवसांपासून डावीकडेही सरकली आहे. आधी दाताच्या डॉक्टरांकडे, मग घशासाठी अँटिबायोटिक, आणि शेवटी थायरॉइडची तपासणी. हे दुखणं बहुतेकांना असंच फिरवतं, कारण दुखतो कान आणि जबडा, मूळ मात्र कंठाखाली असतं.

तू विचारलंस, "थायरॉइड वाढलाय" म्हणून लिहून दिलेलं कार्बिमाझोल सुरू करायचं का? माझं स्पष्ट मत आहे की नको. निदान पक्कं होईपर्यंत तर नकोच.

हा सबॲक्यूट थायरॉयडायटिस, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा दाह वाटतो. स्विस सर्जन डी क्वेरव्हेन यांनी १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावानेही तो ओळखला जातो. विषाणूच्या आजारानंतर साधारण २ ते ८ आठवड्यांनी तो डोकं वर काढतो. गालगुंड, गोवर, इन्फ्लुएंझा, कॉक्सॅकी, ॲडिनो, या सगळ्या विषाणूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. २०२० मध्ये इटलीतून कोविडनंतरचा पहिला रुग्ण नोंदला गेला आणि मग जगभरातून तशा नोंदी आल्या. तिशी ते पन्नाशीतल्या बायकांत तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. एचएलए-बी३५ ही जनुकीय खूण असलेल्यांना धोका अधिक, म्हणून एकाच घरात ताप सगळ्यांना येतो आणि गळा एकाचाच धरतो.

आता मुख्य मुद्दा. थायरॉइड ग्रंथी म्हणजे छोट्या छोट्या कणग्यांची वखार समज. दोन-तीन महिने पुरेल इतकं संप्रेरक तिच्यात भरून ठेवलेलं असतं. विषाणूनंतर उठलेल्या दाहात या कणग्यांच्या भिंती फुटतात आणि साठलेला माल एकदम रक्तात सांडतो. छाती धडधडणं, घाम, वजन उतरणं, झोप उडणं, हे सगळं त्या सांडलेल्या मालामुळे होतं. शेतात पीक जास्त आलेलं नाही. उलट टीएसएच दबल्यामुळे पेरणी थांबलेली आहे. कार्बिमाझोल नवं संप्रेरक तयार होणं रोखतं. जे तयारच होत नाही ते रोखून काय मिळणार? शिवाय क्वचित त्या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात, आणि त्याची धोक्याची खूण असते ताप आणि घसादुखी. वहिनींना ती दोन्ही आधीच आहेत, म्हणजे खरा धोका आला तरी ओळखू येणार नाही.

ग्रेव्हज या आजारातही (त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त काम करायला लावते) टीएसएच असाच तळाला जातो, पण तिथे पीक खरोखरच वाढलेलं असतं आणि कार्बिमाझोल लागतं. म्हणून फरक करायलाच हवा. ग्रेव्हजमध्ये गळा सहसा दुखत नाही आणि ईएसआर इतका चढत नाही. टेक्निशियम स्कॅन (किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेलं ग्रंथीचं चित्र) केला तर ग्रेव्हजची ग्रंथी ठळक उमटते, इथे जवळजवळ काहीच उमटत नाही. गरोदरपणात हा स्कॅन करत नाहीत. नुकताच डाय टोचून सीटी स्कॅन झाला असेल तरी निकाल फसवा येतो, तेव्हा तसं झालं असेल तर आधी सांगा. स्कॅनची सोय नसेल तर टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी (ग्रेव्हज ओळखणारी रक्ततपासणी) आणि डॉपलरसह, म्हणजे रक्तप्रवाहही दाखवणारी, सोनोग्राफी करा. दाह असेल तर ग्रंथीत काळसर, पसरट डाग दिसतात आणि रक्तप्रवाह कमी असतो. त्वचा लाल होऊन एकाच बाजूला गरम, ताणलेली गाठ आली, गिळता येईना किंवा श्वास अडला, तर मात्र पू झाल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

उपचार दोन धाग्यांचे आहेत. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, जेवणानंतर. पण सध्या डेंग्यूचे दिवस आहेत. ताप असेपर्यंत प्लेटलेट आणि डेंग्यूची तपासणी झाल्याशिवाय ही औषधं नकोत, तोवर पॅरासिटामॉल. घरातली ॲस्पिरिन देऊ नकोस. मोठ्या मात्रेत ती प्रथिनांना चिकटलेलं संप्रेरक सुटं करते. धडधडीसाठी ठोके मंद करणारं प्रोप्रॅनोलॉल, पण वहिनींना लहानपणी दमा होता ना? ते डॉक्टरांना आवर्जून सांग, दम्यात ते चालत नाही. हाताची थरथर बघायची असेल तर बोटं पसरायला लावून वर वर्तमानपत्राचा कागद ठेव, त्याची कड थरथरताना लगेच दिसते.

दोन-तीन दिवसांत ठणक हटली नाही तर डॉक्टर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) देतील, बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, सकाळी, खाऊन. दुखणं एक-दोन दिवसांतच विरघळतं, आणि खरी चूक इथेच होते. बरं वाटलं म्हणून लोक गोळी सोडतात आणि आठवड्यात गळा पुन्हा धरतो. ती चार ते सहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. कमी करताना दुखणं परतलं तर घाबरू नका, मागच्या मात्रेवर जाऊन अधिक हळू उतरवतात. साखर आणि रक्तदाब मोजत राहा.

पुढचं आत्ताच सांगून ठेवतो. तीन-सहा आठवड्यांत कणगी रिकामी होईल. मग टी४ खाली येईल, टीएसएच वर चढेल, वहिनींना थंडी वाजेल, सुस्ती येईल, पोट साफ होणार नाही. त्या वेळी कोणीतरी "आता उलटा थायरॉइड झाला, गोळी जन्मभर" असं म्हणेल. ते लगेच मान्य करू नकोस. बहुतेकांची ग्रंथी काही महिन्यांत पूर्ववत होते, थोड्याच जणांना कायमची गोळी लागते. त्रास फार असेल तर लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) जरूर घ्यावं, पण कधी आणि कशासाठी सुरू केलं ते फाइलवर लिहून घ्या, म्हणजे पुढे ते थांबवून बघता येईल.

टीएसएच, फ्री टी४ दर चार ते सहा आठवड्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. टी४ सुधारल्यावरही टीएसएच काही आठवडे दबलेलाच राहतो, त्यावरून औषध वाढवायचं नाही. वहिनी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात असं तू मागे म्हणाला होतास. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा. त्या गोळ्यांमुळे काही यंत्रांना टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. म्हणूनच हा रिपोर्ट बायोटिन बंद करून एकदा पुन्हा करून घ्यावा असं मला वाटतं. ईएसआर मात्र बायोटिनने चढत नाही, तो खराच आहे.

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे) जाताना तापाच्या तारखा, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि हे रिपोर्ट बरोबर ने. नवा टीएसएच आणि सोनोग्राफी आली की फोटो पाठव, मी त्याच दिवशी बघतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत