ओमपुढे हिशेब नको

देवगड,
मे अखेर

चि. सौ. वैशाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू कॅनडाहून ओमच्या आइस हॉकीचा खर्च सांगत होतीस. स्केट्स, हेल्मेट, खांद्याचे, कोपराचे, नडगीचे पॅड, स्टिक आणि वर क्लबची फी. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, "मम्मी, मला नाही खेळायचं." पोराला मराठी सगळं कळतं गं. तेव्हापासून मला धड झोप नाही.

तू नववीत होतीस. खो-खोच्या विभागीय स्पर्धेसाठी तुझी निवड झाली होती, कोल्हापूरला. त्या वर्षी तुडतुड्याने मोहोर करपला होता. खळ्यात बसून मी तुझ्या आईला मोठ्याने सांगत होतो, बुटांचे इतके, ट्रॅकसूटचे इतके, एसटीचे इतके. तू पडवीत दप्तर भरत होतीस. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलंस, "माझो पाय दुखता." पाय दुखत नव्हता, हे मला तुझ्या लग्नात तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. वैशू, सोसायटीतून उचल घेऊन मी तुला पाठवलं असतं. पण तू मागितलेच नाहीस. मागायच्या आधीच मी तुला ऐकवून बसलो होतो.

जावईबापूंना मी सगळं विचारून घेतलं. बर्फाचं मैदान तासावर भाड्याने मिळतं, तासाचे शेकडो डॉलर, म्हणून फी एवढी चढते. निवडक मुलांच्या रिप्रेझेंटेटिव्ह संघात गेला की सराव वाढतो, परगावच्या स्पर्धा, हॉटेलं, पेट्रोल, खर्च हजारोंत जातो. ओम नऊ वर्षांचा आहे, त्याला हाउस लीग, म्हणजे क्लबातल्या क्लबात खेळणं, पुष्कळ झालं. स्केट्स कोणाचे तरी वापरलेले घ्या, वर्षभरात पाय वाढतोच. हेल्मेट मात्र जाळीसकट नवंच घ्या, तिथे काटकसर नको. मला धास्ती होती ती धडकाधडकीची. पण तेरा वर्षांखालच्या मुलांना अंगावर धडकायला २०१३ पासून बंदी आहे म्हणाले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुमच्याकडचा तो हॉकीपटू वेन ग्रेट्स्की, एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये ८९४ गोल केलेला, ब्रँटफर्डला घरामागच्या अंगणात शिकला. वडील टेलिफोन कंपनीत नोकरीला. थंडीत तेच अंगणात पाणी सोडून बर्फ धरू द्यायचे. आपण दर वर्षी खळं सारवतो, तसंच की ते. तुमच्याही घरामागे अंगण आहे ना?

वाशीच्या दलालाकडून शेवटच्या पेट्यांचे पैसे पुढच्या आठवड्यात येतील. त्यातले पन्नास हजार ओमच्या या हंगामासाठी पाठवतोय. नको म्हणू नकोस. ते तुझ्या कोल्हापूरचे राहिलेले आहेत.

मिळाले की फोन कर. ओम शाळेत गेल्यावर कर.

तुझे,
बाबा