हातचे काम आणि वहीतले तास

अमळनेर,
दि. १४ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्याच्या तुमच्या सोसायटीत पैशांऐवजी कामाच्या बदल्यात काम अशी व्यवस्था सुरू करण्याचा तुझा विचार वाचून मनापासून आनंद झाला. आमच्या गल्लीतल्या चार वर्षांच्या अनुभवातून जे साधले ते लिहितो आणि जे चुकले ते जरा विस्ताराने लिहितो, कारण तुला उपयोग त्याचाच अधिक होईल.

आमच्या घराचे मागचे दोन खण अजून धाब्याचे आहेत, हे तुला आठवत असेल. मृग तोंडावर आला असताना शेजारचे गवंडीदादा वर चढले, त्यांनी जुनी माती खरवडली, पांढरी माती पसरून चोपली आणि पन्हाळीकडे नीट उतार धरला. मजुरी विचारली तेव्हा ते म्हणाले, "पैसे राहू द्या सर, पोरीला दहावीचं गणित शिकवा." त्यांचे काम सोळा तासांचे झाले होते, म्हणून मी आठ रविवार दोन-दोन तास शिकवले. त्या व्यवहारात दोघांनाही आपण कोणाचे मिंधे आहोत असे वाटले नाही, आणि मला ती गोष्ट फार मोलाची वाटली.

परंतु असा जोड क्वचितच जुळतो. वायरमनला माझ्या शिकवणीची गरज नसते आणि मला मात्र त्याची गरज असते. जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८७५ साली नेमकी हीच अडचण मांडली होती, आणि ती मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात शिकवतो. तिच्यावरचा उपाय म्हणजे देणे-घेणे दोघांत न ठेवता साऱ्या गटाच्या खात्यावर ठेवणे. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ साली ओसाका येथे श्रमाची बँक याच तत्त्वावर उभी केली आणि कॅनडात मायकेल लिंटन यांनी १९८३ साली स्थानिक देवघेवीची पद्धत सुरू केली. आम्हीही नऊ घरांनी मिळून दोनशे पानी वही आणली आणि तीत दिनांक, काम कोणी केले, कोणासाठी केले व किती तास, असे रकाने आखले. एक तास म्हणजे एक तास, मग तो गवंड्याचा असो वा प्राध्यापकाचा. सिमेंट, वायर, दोरा यांचे पैसे मात्र रोख द्यायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक.

आता माझी चूक सांगतो. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी माझ्या मुलीच्या लग्नात चौदा तास बसून कपडे शिवून दिले. वही माझ्याच कपाटात असे. त्यांच्या नावावर तास साठत गेले, त्यांनी काही मागितले नाही, आणि त्यांना गरज नसेल असे मी परस्पर गृहीत धरले. वर्षभराने कळले की मशीनसाठी कर्ज काढायचे म्हणून त्यांनी बँकेचे अर्ज भरून घ्यायला बाहेर पैसे मोजले होते. मी कळवळून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुमले कसं मांगू?" त्या एका वाक्याने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. ज्याला समाजात मान कमी मिळतो त्याला हक्काचेसुद्धा मागायला भीड पडते, आणि ती भीड वहीत कुठेच दिसत नाही.

म्हणूनच कोणी कौतुकाने "बलुतेदारी परत आली" असे म्हटले की मला राग येतो. बलुत्यात सुतार-लोहारांना खळ्यावर किती धान्य मिळावे हे त्यांच्या हाती नव्हते, काम नाकारण्याची सोय नव्हती आणि काय काम करायचे ते जन्माने ठरत असे. महार वतनाच्या, म्हणजे जन्माने गळ्यात पडणाऱ्या गावचाकरीच्या, जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि कनिष्ठ गाव वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी सावड करून, म्हणजे बैल आणि कष्ट एकत्र करून, पेरणी उरकतात, तो बरोबरीचा व्यवहार आपला आदर्श असावा.

त्या प्रसंगानंतर वही दर महिन्याला एकेका घरी फिरते. ज्याच्या अंगावर दहा तासांहून अधिक देणे चढते, त्याने स्वतः जाऊन "काय काम सांगता?" असे विचारायचे, घेणेकऱ्याने मागायची वाट पाहायची नाही. हा नियम तू आरंभापासून ठेव. तुमच्याकडे वकील आणि सीए आहेत, तेव्हा एवढेही ध्यानात घे की व्यवसायाच्या ओघात केलेली अदलाबदल २०१७च्या जीएसटी कायद्यात 'पुरवठा' या व्याख्येत येते, म्हणजे तिच्यावर कर लागू शकतो. त्यांचा सल्ला आधीच घेतलेला बरा.

ताईंचे चौदांपैकी अडीच तास माझ्याकडे अजून बाकी आहेत. येत्या रविवारी सकाळी त्यांच्या दुकानाचा वर्षाचा हिशेब लिहायला बसणार आहे. वहीच्या पहिल्या पानाची प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. रकाने तुमच्या सोयीने बदलून घे आणि पहिली नोंद झाली की मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बालमित्र