शनिवारची शिक्षण परिषद – दीक्षा ॲप आधीच डाऊनलोड करून या

सर्वांना नमस्कार, शनिवारी आपल्या केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे आपल्या गटातल्या शाळांच्या शिक्षकांची बैठक आहे, सकाळी ११ ला. यावेळी विषय पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर तो स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ उघडतात. येताना चौथीचं गणिताचं पुस्तक आणा आणि मोबाईल फुल चार्ज करून आणा, तिथे प्लगपॉइंट एकच आहे आणि तो प्रोजेक्टरला लागणार.

महत्त्वाचं म्हणजे दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ घरूनच वायफायवर डाऊनलोड करून ठेवा, मग नेट नसलं तरी चालतात. मागच्या वेळी मी ऐनवेळी वर्गात स्कॅन करत बसलो, गोल फिरतंय फिरतंय, शेवटी एक पोरगं म्हणालं सर राहू द्या फळ्यावरच काढा 😄

आणि प्लीज, पूर्ण व्हिडिओ लावून हजेरी भरत बसू नका. दोन मिनिटं दाखवा, थांबवा, पुढे काय होईल ते पोरांना विचारा, खरा पाठ तिथंच होतो. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तो याच क्यूआर कोडच्या कामावर, आणि ती पण जिल्हा परिषदेचीच शाळा हो.

ज्यांचा स्मार्ट टीव्ही बंद पडलाय त्यांनी उद्यापर्यंत इथंच कळवा.