अंगठा घेण्याआधी समजावून सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संशोधनात माणसांचे हक्क जपले जातात ना हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीच्या परवानगीत वैद्यकीय विद्यार्थ्यांचे महिने वाया जातात, साध्या प्रश्नावलीला कसली आली परवानगी, हे रविवारच्या अंकातले पत्र वाचून राहवले नाही. साधी प्रश्नावली कशी भरून घेतात ते मी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आईला साखर तपासायला एका मोठ्या रुग्णालयात नेले होते. मी केसपेपर काढून येईपर्यंत आई बाकावर अंगठ्याची शाई पदराला पुसत बसलेली. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आपल्या संशोधनासाठी चार पानी इंग्रजी संमतीपत्रावर तिचा अंगठा घेऊन गेली होती. "गोळ्या फुकट मिळायला लागतो ना गं अंगठा?" आईने मला विचारले. पाळी कधी गेली इथपासून नवरा हात उचलायचा का इथपर्यंत सगळे तिला विचारून झाले होते, शेजारच्या चार बायांच्या देखत. सांगितले नाही तर डॉक्टर रागावतील, म्हणून तिने सांगितले. पुढच्या तारखेला ती तिथे यायलाच तयार होईना.

त्या मुलीवर माझा राग नाही. गाईडने इतके फॉर्म भरून आणा म्हटले, तिने आणले. पण माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावी, अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार असावा, नकार दिला तरी उपचारात फरक पडू नये, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे कोणी विचारायचे? कमिटीनेच ना? तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात २००९-१० साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आश्रमशाळेतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या होत्या, तेही आपण इतक्यात विसरलो का?

उशीर होतो हे मान्य. मग बैठका वेळेवर घ्या. कमी जोखमीच्या अभ्यासाला लवकर मंजुरी देण्याची सोय त्याच तत्त्वांत आहे, ती वापरा. आणि कमिटीत एक सामान्य माणूस असावा लागतो, त्या जागी ओपीडीच्या रांगेतली एखादी बाई घ्या. तिच्या लगेच लक्षात येईल की असले प्रश्न चारचौघांत विचारायचे नसतात.

जाता जाता, त्याच अंकात पान तीनवर आरोग्य शिबिरातल्या एका आजींचा फोटो नाव, गाव आणि आजारासकट छापला आहे. त्यांना विचारले होते का, हे कृपया कळवावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा