पटावरचे दाणे विषमच हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या बालपुरवणीत बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाची गोष्ट वाचली. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं. गोष्ट छान रंगवली आहे. चित्रातला घाम फुटलेला कोठारी तर फारच आवडला. पण चौकटीत ठळक टायपात एकूण दाणे 18446744073709552000 छापलेत. ही संख्या चूक आहे, आणि ते ओळखायला गुणाकारही करावा लागत नाही. पहिलं घर सोडलं तर प्रत्येक घरात सम दाणे. त्यांत पहिल्या घरातला एक मिळवला की बेरीज विषमच येणार. मग शेवटी शून्य कसं?

खरी संख्या 18446744073709551615.

शेवटी 5 का, तेही पटावरच दिसतं. पहिल्या चार घरांत 1, 2, 4, 8 मिळून 15 दाणे. पुढच्या चार घरांत त्याच्या 16 पट, त्यापुढच्या चारांत आणखी 16 पट. म्हणजे एकूण दाण्यांना 15 ने निःशेष भाग जायलाच हवा. आणि 5 ने भाग जाणाऱ्या विषम संख्येच्या एककस्थानी 5 च येतो. 3 ची कसोटी तर मुलांना शाळेत शिकवतातच. खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज 87, तिला 3 ने भाग जातो; तुमच्या संख्येची 76, तिला जात नाही.

चूक बहुधा यंत्राची असावी. संगणकावरची बरीच साधनं इतक्या लांब संख्येचे पहिले सोळा-सतरा अंक ठेवतात आणि पुढे शून्यं भरतात. फरक अवघ्या 385 दाण्यांचा, मूठभरही गहू नाहीत. पण मग आधी ‘सुमारे’ लिहायला हवं होतं. आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा तीच संख्या शाळेच्या तक्त्यावर रंगीत पेनाने उतरवत बसला होता.

शिवाय त्या शून्यांनी संख्येची सगळी गंमत घालवली. अर्ध्या पटावर, म्हणजे बत्तीस घरांत, 4294967295 दाणे. हा 3, 5, 17, 257 आणि 65537 या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. याला 4294967297 ने गुणलं की पूर्ण पट. ही दुसरी संख्याही मूळ असावी, असं फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटत होतं. 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी तिला 641 ने भाग जातो हे दाखवलं, भागाकार 6700417. आठवी-नववीच्या वर्गात मी हा भागाकार फळ्यावर करून घेत असे. बाकी शून्य आली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करत!

दुरुस्ती बालपुरवणीतच छापावी, ही विनंती. आतल्या पानावरचा ‘चूकभूल’चा रकाना मुलं वाचत नाहीत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, वाई