मधली धार

त्रिएस्ते, इटली
१७ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

अण्णांची काजूच्या फेणीची भट्टी येत्या हंगामापासून तू स्वतः चालवणार आहेस, हे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. उत्तराला उशीर झाला याचे कारण असे की, संस्थेतल्या एका सहकाऱ्याने मला रविवारी त्याच्या घरी ग्राप्पा चाखायला बोलावले होते, आणि भट्टीच्या वारसदाराला लिहायचे तर ते चाखून झाल्यावरच लिहावे असे मी ठरवले.

ग्राप्पा म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची दारू. वाइनसाठी द्राक्षे पिळून झाल्यावर जी साले आणि बिया मागे उरतात, ती वाफेवर ऊर्ध्वपातित करून ती काढतात. तुमच्याकडे काजूच्या बोंडूचा रस आंबवून भाणात, म्हणजे भट्टीच्या हंड्यात, घालतात आणि चोथा बाजूला टाकतात. इथे रस वाइनवाल्याकडे जातो आणि भट्टीत जातो तो चोथाच. जुन्या काळी कुळांनी पिकवलेल्या द्राक्षांची चांगली वाइन जमीनदाराच्या घरी जाई आणि कुळाच्या वाट्याला चोथा येई, म्हणून ग्राप्पा ही उत्तर इटलीतल्या गरिबांची, थंडीत अंगात ऊब आणण्यासाठी घेण्याची चीज होती. आज ग्राप्पा या नावावर १९८९ पासून युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे आणि तिच्यात किमान ३७.५ टक्के मद्यार्क असावा लागतो. तरीही तिची जुनी ओळख पुसली गेलेली नाही. मी इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात रेल्वे स्थानकाजवळच्या एका उपाहारगृहात जी ग्राप्पा प्यायलो, तिने घसा असा जाळला की पुढे कित्येक वर्षे मी त्या पेल्याकडे पाहिले नाही.

सहकारी ईशान्य इटलीतल्या उदिने शहराकडचा आहे. त्याच्या टेबलावर चार बाटल्या होत्या आणि चारही पेर्कोतो या गावातल्या नोनीनो घराण्याच्या. उदिनेच्या दक्षिणेला, फ्रिउली प्रदेशाच्या सपाटीवर हे गाव आहे. ओरात्सिओ नोनीनो हा या घराण्याचा मूळपुरुष चाकांवर बसवलेली भट्टी घेऊन गावोगाव फिरत असे. १८९७ मध्ये त्याने पेर्कोतोजवळ ठाण मांडले. पण मला तुला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या वंशातल्या बेनितो आणि त्यांच्या पत्नी जान्नोला यांची आहे.

त्यांच्या काळापर्यंत भट्टीवाले सर्व जातींच्या द्राक्षांचा चोथा एकत्रच घालत. टाकाऊ मालच तो, त्यात कोण निवड करणार? या दोघांनी ठरवले की एकाच जातीच्या द्राक्षाचा चोथा वेगळा ठेवून त्याची ग्राप्पा काढायची, आणि त्यासाठी त्यांनी निवडले ते पिकोलित. या वेलीची बरीचशी फुले फळ न धरताच गळून जातात, त्यामुळे घोसाला मोजकेच मणी लागतात, पण ते अतिशय गोड आणि सुगंधी असतात. मूठभर चोथा वेगळा काढून ठेवण्याची कटकट वाइनवाल्यांना नको होती. तेव्हा जान्नोलाबाईंनी त्यांच्या घरातल्या बायकांशी बोलणे केले आणि नेहमीच्या चोथ्याच्या कितीतरी पट भाव देऊ केला. अशा रीतीने १ डिसेंबर १९७३ रोजी त्यांच्या भट्टीतून पिकोलितची पहिली ग्राप्पा उतरली. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांनी फ्रिउलीतल्या नामशेष होत चाललेल्या जुन्या वेली जगवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी पुरस्कार सुरू केला. स्किओपेत्तीनो, पिन्योलो आणि तात्सेलेंगे या वेली त्यातून पुन्हा मानाने लावल्या जाऊ लागल्या. बेनितो २०२४ मध्ये वारले. त्यांच्या तिन्ही मुली आज तेच काम करत आहेत.

आता पेल्यांकडे येतो. पेले लहान, देठाचे, पोटात फुगीर आणि तोंडाशी किंचित आवळलेले होते. मी वाइनसारखा पेला गोल फिरवू लागलो तेव्हा सहकाऱ्याने माझा हात धरला. फिरवल्याने मद्यार्काची वाफ उसळते आणि तिच्याखाली बाकीचे सारे गंध दबतात. पेला पाच मिनिटे तसाच ठेवायचा, नाक पेल्यात न खुपसता थोडे दूर धरायचे आणि पहिला घोट इतका लहान घ्यायचा की तो फक्त जीभ भिजवील. त्याने दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले आणि चोळायला सांगितले. मद्यार्क क्षणात उडून गेला, आणि हाताला जो वास राहिला तो दारूचा नव्हता. ओल्या द्राक्षसालीचा आणि ताज्या पावाच्या कवचाचा होता. ग्राप्पा वाईट असेल तर याच वेळी आंबूस, बुरसट दर्प येतो, असे तो म्हणाला, आणि स्थानकाजवळचा तो पेला माझ्या डोळ्यांपुढे आला.

पहिली बाटली साधी होती. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. स्वच्छ आणि सरळ. दुसरी मोस्कातो जातीच्या द्राक्षाची, ४१ अंशांची, म्हणजे ४१ टक्के मद्यार्काची, आणि तिने मला गप्प केले. पेला जवळ आणताच गुलाब आणि संत्र्याची साल, आणि गिळल्यानंतर बऱ्याच वेळाने एक हिरवट, कुस्करलेल्या पानासारखी चव मागाहून आली. तिसरी पिकोलित, ५० अंशांची. इतका कडक मद्यार्क असूनही ती घशाला बोचली नाही. मध, वाळवलेले अंजीर आणि शेवटी किंचित कडवटपणा, जो मला सर्वांत जास्त आवडला. चौथी शार्दोनेची, ओकच्या पिंपात मुरलेली आणि सोनेरी. तिचे कौतुक घरातल्या सर्वांनी केले, पण मला तिच्यात लाकडाचा आणि व्हॅनिलाचा गंधच जास्त लागला, आणि मघाशी जे द्राक्ष इतके स्पष्ट भेटले होते ते लाकडाआड गेल्यासारखे वाटले. बिनरंगी ग्राप्पाच मला खरी वाटते.

या मऊपणाचे कारण मी विचारले तेव्हा त्याने जे सांगितले ते तुझ्या कामाचे आहे. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हे दारूचे मोठे प्रशस्तिपत्र समजले जाते. इथे पहिली धार बाजूला काढतात. ते तिला डोके म्हणतात. उग्र, लवकर उडणारी द्रव्ये डोक्यात अधिक उतरतात. शेवटच्या धारेला शेपूट म्हणतात. ती तेलकट आणि जड वासाची असते, तीही वेगळी काढतात. बाटलीत जाते ती मधली धार, तिचे नाव हृदय. कोणत्या क्षणी धार तोडायची हे वास घेऊन आणि चाखून ठरते, आणि दर घाण्याला वेगळे ठरते, कारण नोनीनोंकडे भट्टीत चोथा अखंड घालत राहत नाहीत. प्रत्येक घाणा स्वतंत्र भरतात, त्यातून वाफ सोडतात आणि तो रिकामा करून पुढचा भरतात. धार लवकर तोडणाऱ्याचा माल कमी भरतो, पण चव स्वच्छ राहते.

मात्र धार कितीही नेमकी तोडली तरी शिळ्या चोथ्याचा दोष जात नाही. चोथा महिनोन्महिने ढिगात पडून राहिला की त्याला बुरशी धरते, तो आंबटतो, आणि तो आंबटपणा वाफेबरोबर वर चढतो. म्हणून द्राक्षतोडणीच्या दिवसांत तिथे रात्रंदिवस भट्ट्या चालतात. हे ऐकताना मला अण्णा आठवले. आपण नववीत असताना झाडावरून तोडलेले बोंडू घेऊन भट्टीवर गेलो होतो, तेव्हा त्यांनी टोपली परत पाठवली होती. आपोआप गळून पडलेले आणि त्याच दिवशी वेचलेले फळच ते घेत. आपल्याला तो हट्ट वाटला होता. पेर्कोतोच्या भट्टीत जे करतात, तेच अण्णा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या त्या दगडी कुंडीपाशी उभे राहून करत होते.

जेवणानंतर सहकाऱ्याच्या आईने कॉफी संपवली आणि रिकाम्या कपात चमचाभर ग्राप्पा ओतून, कप फिरवून, तळाशी राहिलेल्या साखरेसकट पिऊन टाकली. याला ते रेझेंतीन म्हणतात, म्हणजे विसळणे. मीही तसे केले आणि दिवसभरातला तो घोट मला सर्वांत घरगुती वाटला.

पिकोलितचा पेला मी न धुता पिशवीतून घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हुंगला, तेव्हा दारूचा लवलेशही नव्हता आणि मध मात्र तसाच होता. ही परीक्षा तू तुझ्या फेणीवर करून पाहावीस अशी माझी विनंती आहे. धार कुठे तोडलीस, ते घाण्यागणिक वहीत लिहून ठेव, आणि प्रत्येक घाण्याची एक लहान बाटली वेगळी काढ. मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आहे. पिकोलितची एक बाटली आणि तसे दोन पेले आणतो. हुर्राकचे, म्हणजे फेणीआधीच्या सौम्य पहिल्या उताऱ्याचे, दिवस असतील, तेव्हा तीही ठेव. अण्णांना माझा नमस्कार सांग आणि धार तोडताना ते नेमके काय हुंगतात, ते त्यांना विचारून मला कळव.

तुझा बालमित्र